बाणावली ते सांकवाळ, पायी

पहाटे बाणावलीच्या चर्चपासून निघालो. ही पदयात्रा जोसेफ वाझ यांच्या नावाची, सतराव्या शतकातल्या गोव्याच्या संताची. त्यांचा बाप्तिस्मा याच गावातला, 1651 सालचा. तिथून कोलवा, माजोर्डा, कासावली करत सांकवाळ, म्हणजे वीसेक किलोमीटर. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचे दिवस होते, आणि गोव्यात मार्चमध्ये नऊ वाजताच ऊन डोक्यावर येतं. मी हिंदू. शेजारच्या आंटीने बोलावलं म्हणून गेले. टाळ-मृदंगाविना वारी असते कशी, ते बघायचं होतं.

ही वारी रोझरीवर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेवर चालते. पुढची बाई 'नमान मोरिये' ही मरियेची कोंकणी प्रार्थना सुरू करते, मागचे उरलेला भाग म्हणतात आणि हळूहळू पावलं त्याच ठेक्यात पडायला लागतात. आंटीच्या मुठीत माळ होती, तिच्या अंगठ्याखालून एकेक मणी सरकायचा. कोलव्याच्या पुढे तिने चपला काढून पिशवीत टाकल्या. वाझ पाद्री झाल्यावर गरिबांसारखे अनवाणी फिरायला लागले होते, म्हणून. गरम डांबर लागायला लागल्यावर तिने त्या परत घातल्या, कसलाही गाजावाजा न करता. मला तेच आवडलं.

वाटेत वाझ यांच्या आज्ञापालनाचा विषय निघाला तसं मी तिला प्रश्न विचारून छळत होते, कारण 'आज्ञापालन' म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. वरून हुकूम आला की मान खाली घालायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं. वाझ यांची गोष्ट तरी सरळ कुठे आहे! त्यांना लंकेत जायचं होतं. तिथे डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिलं होतं, लोक लपूनछपून प्रार्थना करत होते. पण 1681 साली वरिष्ठांनी त्यांना पाठवलं कानडा प्रांतात, म्हणजे आजच्या कर्नाटकच्या किनाऱ्यावर, जिथे चर्चच्याच दोन गटांत अधिकारावरून भांडण पेटलेलं. माझ्यासारखीने राजीनामा लिहिला असता. ते गेले, आणि तीनेक वर्षं तिथली माणसं जोडत राहिले.

लंका घडली ती 1687 साली. मजुराचा वेश केला, सोबत एक सेवक घेतला. बंदी झुगारून रात्री घराघरांत मिस्सा, म्हणजे पाद्र्याने चालवायच्या उपासना, सुरू झाल्या. लंकेतल्याच कँडी राज्याच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे 1697 मध्ये देवीची साथ आली. राजाने शहर सोडलं, ज्यांना पळता येत होतं ते पळाले. वाझ आणि त्यांचा पाद्री भाचा मात्र रोग्यांना पाणी पाजत, मेलेल्यांना पुरत तिथेच राहिले. नंतर वरचं पद चालून आलं तर त्यांनी ते घेतलं नाही.

म्हणजे वरिष्ठांचं ऐकणारा हा माणूस डचांचा कायदा मोडत जगला, आणि दोन्ही गोष्टी आवाज न चढवता केल्या. आज्ञाधारकपणाचं हे रूप माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कोणाचं ऐकायचं हे एकदा पक्कं ठरलं, की बाकीच्यांना 'नाही' म्हणायला आरडाओरडा लागत नसावा. आंटीला हे सांगितलं. ती म्हणाली, "चल गे, रांग मोडू नको."

सांकवाळच्या जुन्या चर्चची आता दर्शनी भिंत तेवढी उरलीय. बाकीचं 1834 च्या आगीत गेलं. नक्षीदार भिंत आणि मागे नुसतं आभाळ. इथेच 1677 साली वाझ यांनी मरियेला कागद लिहून दिला, मी तुझा कायमचा दास म्हणून. त्यातला 'दास' मला अजूनही टोचतो, उगाच का लपवू?

मिस्सा झाल्यावर लिंबू सरबत पीत बसलो होतो. ग्रुपमधला एक मुलगा सांगत होता, वाझ 1711 साली कँडीत वारले, पण त्यांची कबर नेमकी कुठे आहे ते आज कोणालाच माहीत नाही.

आंटी पाय चोळत म्हणाली, "बरंच झालं. सापडली असती तर तुम्ही मला तिथवर चालवलं असतं."