तोष की रई? सोलापूरच्या उन्हानं लावलेला निकाल

दाजी मनालीहून खाली पडलेल्या दोन डहाळ्या आणि एक शंकू (सूचिपर्णी झाडाचं बियांचं खवलेदार बोंड) घेऊन आले. "सगळं देवदारच की ओ," म्हणाले. देवदार नाही, एवढं लगेच कळलं. त्याच्या सुया आखूड फांद्यांवर झुबक्यानं येतात. इथं एकेक सुटी होती. म्हणजे प्रश्न उरला तोष की रई, हिमालयातल्याच दुसऱ्या दोन सूचिपर्णी झाडांपैकी कुठलं?

दोन्ही डहाळ्या वर्तमानपत्रात घालून वर चार चादरींच्या घड्या ठेवल्या (सोलापुरात वजनाला दुसरं काय शोधायचं!). बाहेर ४२ अंश. चौथ्या दिवशी उघडलं तर पहिलीचा नुसता खराटा झालेला, सुया सगळ्या कागदावर. सालीवरून बोट फिरवलं तर कानशीसारखी खरखरीत. प्रत्येक सुईच्या जागी बारीक खुंटी उरलेली. ही रई, म्हणजे स्प्रूस. दुसरीची पानं मात्र जागच्या जागी. एक ओढून काढलं, तर खाली गोल, गुळगुळीत वण. हा तोष, म्हणजे हिमालयातला फर, अ‍ॅबीज पिंड्रो.

मग भिंग काढलं. तोषाचं पान चपटं, चिमटीत फिरत नाही. रईचं चौकोनी, सहज फिरतं. तोषाच्या टोकाला बारीक खाच, आणि पाठीवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा. हे पट्टे म्हणजे पर्णरंध्रांच्या रांगा. माझं सर्वांत लांब पान साडेपाच सेंटिमीटर भरलं.

शंकू अख्खा आहे, तिथंच संशय यायला हवा होता. फरचे शंकू फांदीवर ताठ उभे असतात आणि झाडावरच खवला-खवला सुटून जातात. मागं नुसता दांडा राहतो. लोंबून अख्खा खाली पडतो तो रईचा.

नावांनी मात्र डोकं फिरवलं. हिमाचलात तोष, काश्मिरात बुदुल. मोरिंडा म्हणावं तर ते फरलाही म्हणतात आणि स्प्रूसलाही. शिवाय शास्त्रीय नावातली मोरिंडा म्हणजे आपली बारतोंडी!

भिंग हातात होतंच, म्हणून घरातली तालीसपत्राची, म्हणजे आयुर्वेदिक औषधाच्या वाळक्या पानांची, पुडीही गरम पाण्यात भिजवली. तालीसपत्र म्हणजे फरचीच पानं, असं धरून चाललो होतो. बरीचशी पानं खाचेची, पट्ट्यांची निघाली. पण अकरा पानं टोकदार, पाठीवर पांढरं काही नाही. तालीसपत्र म्हणून थुनेरची, म्हणजे यू नावाच्या हिमालयातल्याच आणखी एका झाडाची पानंही विकली जातात, आणि यू विषारी. ती अकरा वेगळ्या पाकिटात ठेवलीत. पुडी आता स्वयंपाकघरातून माझ्या टेबलावर आली आहे.