कॉर्न : खर्जातल्या गिटारी आणि उघडा गळा

कॉर्न या अमेरिकी मेटल बँडच्या पहिल्या अल्बममधले शेवटचे गाणे, ‘डॅडी’, मी आजवर फार थोड्या वेळा पूर्ण ऐकू शकलो आहे. लहानपणी ओळखीच्या व्यक्तीकडून झालेला लैंगिक अत्याचार आणि सांगूनही घरच्यांनी न ठेवलेला विश्वास, हा त्या गाण्याचा विषय आहे. ध्वनिमुद्रण चालू असताना गायक जोनाथन डेव्हिसला रडू कोसळले, पण बाकीचे वाजवत राहिले आणि निर्माता रॉस रॉबिन्सन याने मुद्रण थांबवले नाही. ते हुंदके अल्बमवर जसेच्या तसे आहेत. या बँडचे पुढचे प्रत्येक काम मी नकळत त्या काही मिनिटांशी ताडून पाहतो.

बँडची सुरुवात १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड या तेलविहिरींच्या आणि शेतीच्या शहरात झाली. गिटारवादक जेम्स शॅफर (मंकी), बेसवादक रेजिनाल्ड अर्विझू (फील्डी) आणि ड्रमर डेव्हिड सिल्व्हेरिया हे एल.ए.पी.डी. नावाच्या जुन्या बँडमधले सोबती होते; त्यांना दुसरा गिटारवादक ब्रायन वेल्च (हेड) येऊन मिळाला. डेव्हिस त्याआधी कर्न काउंटीच्या मृत्युतपास कार्यालयात शवविच्छेदनाच्या कामात मदतनीस होता, आणि विशीच्या आतबाहेरच्या वयात त्याने तिथे जे पाहिले, त्याची सावली त्याच्या शब्दांवर कायम राहिली.

ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेला ‘कॉर्न’ हा पहिला अल्बम ऐकताना आधी जाणवतो तो खर्ज. मंकी आणि हेड दोघेही सात तारांच्या गिटारी वाजवत आणि त्या नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा एक पूर्ण स्वर खाली उतरवत, त्यामुळे सर्वांत जाड तार खालच्या ‘ए’ स्वरावर येई. गिटार इतकी खाली गेल्यावर बेसला जागा उरत नाही. फील्डीने त्यावर तारांवर थाप मारून काढलेल्या टकटक आवाजाचा तोडगा शोधला, आणि त्याचा बेस तालवाद्यासारखा ऐकू येऊ लागला. गिटारची लांबलचक एकल कसरत या संगीतात जवळजवळ नाहीच. एक गिटार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरतुकडा, धरून ठेवते, दुसरी बेसूर, किंचाळणारे आवाज काढते आणि मधली सगळी मोकळी जागा गळ्याला मिळते. डेव्हिस तिथे कुजबुजतो, ओरडतो, अर्थहीन अक्षरे उच्चारतो आणि मध्येच बॅगपाइप वाजवतो. न्यू मेटल (हेवी मेटलमध्ये हिप-हॉपसारखे ताल मिसळणारा प्रकार) म्हणून पुढे जे ओळखले गेले, त्याचा पाया या मांडणीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

मेगाडेथ, ऑझी ऑस्बोर्न अशा मोठ्या नावांच्या आधी मंचावर उतरत त्यांनी श्रोते जोडले. १९९६ चा ‘लाइफ इज पीची’ बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर दाखल झाला, आणि ऑगस्ट १९९८ मधल्या ‘फॉलो द लीडर’ने पहिला क्रमांक गाठला. तो बारा निःशब्द तुकड्यांनी सुरू होतो. पाच-पाच सेकंदांचे ते तुकडे मिळून कर्करोगाने गेलेल्या एका लहान चाहत्यासाठी पाळलेले एका मिनिटाचे मौन होते. ‘फ्रीक ऑन अ लीश’ घराघरांत पोहोचले, त्याच्या व्हिडिओला ग्रॅमी मिळाले, १९९९ चा ‘इश्यूज’ही पहिल्या क्रमांकावर आला. २००२ चा ‘अनटचेबल्स’ अफाट खर्चाने बनला. त्यातले ‘हिअर टु स्टे’ मला फार आवडते, मात्र संपूर्ण अल्बमचा आवाज इतका घासूनपुसून गुळगुळीत केला आहे की गळ्यातला कंप हरवतो.

२००५ च्या सुरुवातीला हेडने ख्रिस्ती श्रद्धेचा आधार घेतला आणि व्यसनातून सुटण्यासाठी व मुलीला वाढवण्यासाठी बँड सोडला. पुढच्याच वर्षी सिल्व्हेरियाही गेला आणि नंतर त्याच्या जागी रे लुझियर आला. या काळातल्या अल्बमांवर मी फार बोलणार नाही. २०११ च्या ‘द पाथ ऑफ टोटॅलिटी’मध्ये स्क्रिलेक्ससारख्या डबस्टेप (जड बेसचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) निर्मात्यांबरोबर केलेले धाडस मात्र त्यावर झालेल्या टीकेपेक्षा जास्त मोलाचे होते. हेड २०१३ मध्ये परतला, आणि ‘द पॅरडाइम शिफ्ट’मध्ये दोन गिटारींमधला जुना संवाद पुन्हा ऐकू आला. २०१९ चा ‘द नथिंग’ डेव्हिसच्या पत्नीच्या निधनानंतरच्या शोकातून लिहिला गेला आणि पहिल्या अल्बमच्या सर्वांत जवळ तोच जातो. २०२२ च्या ‘रेक्विएम’पर्यंत फील्डी दौऱ्यांपासून दूर झाला होता.

मला मात्र परत परत २०१५ आठवते. पहिल्या अल्बमला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने त्या दौऱ्यात तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला गेला, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणजे ‘डॅडी’सह. वर्षानुवर्षे मंचावर न आणलेले ते गाणे डेव्हिसने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी रात्रीमागून रात्र गायले, आणि त्याच्या एका बाजूला मंकी होता, दुसऱ्या बाजूला परत आलेला हेड.