तुम्ही विचारलंत म्हणून : किल्ल्याखालच्या गावात दोन रात्री कशासाठी?

पूर्व स्लोव्हाकियाला निघालेले परिचित मला हमखास विचारतात, की स्पिशचा किल्ला दोन तासांत पाहून होतो, मग खालच्या गावात दोन रात्री राहण्याचा आग्रह तुम्ही का धरता? उत्तर जरा सविस्तर द्यावे लागते.

गावाचे नाव स्पिशस्के पोदह्राद्ये. ‘पोद’ म्हणजे खाली आणि ‘ह्राद’ म्हणजे किल्ला. वस्ती चार हजारांच्या आसपास. गडाचा घेरा आणि पायथ्याच्या वाड्या पाहत वाढलेल्या आपल्या माणसाला साहजिकच वाटते, की वर ज्याची सत्ता त्याचीच खालीही असणार. येथे मात्र ३६० वर्षे तसे नव्हते. हा प्रदेश तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता. व्हेनिसशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून हंगेरीचा राजा सिगिस्मंड याने १४१२ मध्ये स्पिश प्रांतातील काही गावे पोलंडच्या राजाकडे गहाण टाकली, आणि त्यांत हेही गाव गेले. रक्कम होती ३७,००० कोपा, म्हणजे प्रत्येकी ६० नाण्यांच्या तेवढ्या राशी. कर्ज फिटले नाही, गहाण सुटले नाही, आणि पोलंडच्या पहिल्या फाळणीपर्यंत, म्हणजे १७७२ पर्यंत, गाव पोलंडच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहिले. डोक्यावरचा किल्ला मात्र हंगेरीच्या राजाकडे आणि पुढे तिथल्या सरदार घराण्यांकडेच होता, आणि पश्चिमेच्या टेकडीवरची स्पिशस्का कापितुला ही तटबंदीतली धर्मपीठाची वसाहतही हंगेरीतच होती. गावाच्या चौकात उभे राहून एकदा किल्ल्याकडे आणि एकदा कापितुलाच्या मनोऱ्यांकडे पाहिले, की मधल्या या चिंचोळ्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या काय सांभाळले असेल ते जाणवते. किल्ल्याच्या तटावरून हे दिसत नाही. तेथून गाव म्हणजे नुसती कौले.

किल्ला थोर आहे, यात वादच नाही. सुमारे चार हेक्टरांवर पसरलेला, १२४१ च्या मंगोल स्वारीत टिकून राहिलेला, आणि पुढे हंगेरीचा राजा झालेल्या यानोश झापोल्याचे १४८७ मधील जन्मस्थान. पण १७८० च्या आगीनंतर तो ओस पडला, आणि माणसांची गोष्ट खालीच चालू राहिली.

त्या गोष्टीतले एक पान मला सर्वांत जड वाटते. गावात एक सिनेगॉग आहे, दुरुस्त करून नीट राखलेले. १९४२ मध्ये येथील ज्यू कुटुंबांना हद्दपार करण्यात आले, आणि आता ती वास्तू आहे, पण तिच्यात प्रार्थनेला जमणारा समाज नाही. भेट देणाऱ्याने तेथे थोडा वेळ तरी शांत उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावापासून थोड्या अंतरावरच्या सिवा ब्रादाला चालत जावे. नावाचा अर्थ राखाडी दाढी. ही एक उघडीबोडकी, पांढुरकी टेकडी आहे, आणि तिच्यावर एक लहानसे चॅपेल आहे. जमिनीतल्या खळग्यात पाणी बुडबुडत असते. पहिल्यांदा मी ते उकळते समजलो होतो, पण बोट घातले तर पाणी गारच होते, कारण बुडबुडे वायूचे असतात. खनिज पाण्यातला चुना हवेत येताच साका धरतो आणि त्याचा दगड बनतो, त्याला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. काठावरच्या गवताच्या काड्यांवरही मला त्याचे पांढरट पुट चढलेले दिसले. किल्ल्याखालचा खडक हाच. अशाच झऱ्यांनी थरावर थर चढवून तो घडवला, आणि सिवा ब्रादाला ते काम आजही चालू आहे. तेथून मागे वळले की तो किल्ला समोरच दिसतो.