तुम्ही विचारलंत म्हणून: आईच्या हातात कुठलं घड्याळ बांधू?

चवथीला दुबईहून, लिस्बनहून, बेंगळुरूहून माणसं गावी येतात. मी मनगटावरच्या सेन्सरवर संशोधन करते हे कळलं की हमखास विचारतात, "आई एकटी असते. पडली तर आपोआप कळवणारं घड्याळ घेऊ ना? कुठलं?" मी "घ्या, पण" म्हणते. त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो, म्हणून लिहून ठेवते.

खोक्यावर ९९ टक्के अचूकता छापलेली असते म्हणता. आपण त्याहून चांगलं धरू. सेन्सर सेकंदाला ५० वेळा त्वरण मोजतो. १२८ नोंदींची, म्हणजे २.५६ सेकंदांची एक विंडो, एका वेळी तपासायचा तुकडा. निम्मी विंडो पुढचीत मिसळते, म्हणून दर १.२८ सेकंदांनी एक निकाल: पडली की नाही. दिवसाला ६७,५०० निकाल. न पडलेल्या हजार विंडोंपैकी ९९९ बरोबर ओळखल्या, तरी रोज ६७ खोटे इशारे. आई चार दिवसांत घड्याळ कपाटात टाकेल, आणि तिचं काही चुकणार नाही. म्हणून बनवणारे अटी कडक करतात: आधी तोल जाऊन हवेत असल्याची खूण, मग आदळणं, मग निपचित पडणं. तिन्ही ओळीनं घडलं तरच इशारा.

या अटी ज्या डेटावर ठरतात तो कुणाचा? पडण्याच्या अभ्यासात 'सिसफॉल' हा २०१७ सालचा डेटासंच फार वापरला जातो. त्यात २३ तरुण आणि १५ वयस्क. वयस्कांनी चालणं, बसणं, उठणं अशा रोजच्या हालचाली केल्या. त्यांच्यापैकी पडून दाखवलं एकट्यानंच, वय ६०, आणि तो ज्युदोत तरबेज! हसू नका. सत्तरीच्या बाईला डेटासाठी पडायला सांगणार कोण? सांगूही नये. पण मग खोक्यावरचा आकडा तुमच्या आईचा नाही.

आमच्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या, डाव्या मनगटावर सेन्सरचा पट्टा. रात्री खाटेवरून उठताना त्या घसरल्या. धप्पकन नाही. एका हातानं खाटेची कड धरून, पाठ भिंतीला घासत, सावकाश खाली. ती नोंद मी अजून उघडून बघते. माणूस स्थिर असताना तिन्ही दिशांचं मिळून त्वरण १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं असतं. मुक्तपणे पडताना ते शून्याकडे जातं. इथे आलेखात तसा खड्डाच नाही, कारण पट्ट्याचा हात कड धरून होता, शरीर खाली गेलं तरी तो जवळपास जागीच. आदळणं कमरेनं झेललं, मनगटापर्यंत भांडं ठेवल्याएवढाही धक्का आला नाही. आणि निपचितपणा? त्या उठायची धडपड करत होत्या, हात सारखा हलत होता. तिन्ही अटी नापास. हालचाल ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं लेबल दिलं: 'बसणे'. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच, त्या जमिनीवर बसल्या होत्या. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला, दार उघडलं नाही, तेव्हा शेजारी आले. हाड मोडलं नव्हतं.

तो पट्टा फक्त नोंदीसाठी होता, इशारा देणारा नव्हता, हे घरच्यांना आधी लेखी दिलं होतं. ते खरं आहे, आणि त्यांना ते सांगून काही उपयोग नव्हता.

उंबरठा, म्हणजे किती धक्क्याला 'पडली' म्हणायचं ती मर्यादा, खाली आणला की झालं, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. खाली आणून नोंदी पुन्हा चालवल्या. आजींची घसरण सापडली. सोबत सोप्यावर टेकणं, नारळ फोडणं, कपडे आपटणं, आरतीच्या टाळ्याही 'पडल्या'. हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडला तर? मनगट मीटरभर खाली आलं की दाब सुमारे ०.१२ हेक्टोपास्कलनं वाढतो. पावसाळी वाऱ्यानं दार आपटलं तरी तेवढा फरक पडू शकतो, आणि आदोळीवर खोबरं खवायला बसलं तरी मनगट खालीच येतं. पूर्वीच्या मला हे उत्तर पटलं नसतं. आताच्या मलाही पुरतं पटत नाही.

तरी घेणारच असाल तर. चार्जिंग रात्री नको, रात्रीच न्हाणीकडे जाताना पाय घसरतो. सकाळी पेज जेवताना करा. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल इतकाच सैल. लोंबतं घड्याळ स्वतःच धक्के निर्माण करतं. बरीच घड्याळं फोनमार्फतच कॉल करतात आणि ब्लूटूथ साधारण दहा मीटर. आई कुळागरात, म्हणजे बागेत, आणि फोन रांदचीकुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, म्हणजे इशारा कुठेच जात नाही. ई-सिमवालं, म्हणजे फोनशिवाय स्वतःच कॉल करणारं, घेतलंत तर न्हाणीत आणि कुळागराच्या टोकाला रेंज आहे का ते आधी बघा, चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात. पहिला नंबर शेजाऱ्यांचा घाला, तुमचा दुबईचा नव्हे. खोटा इशारा रद्द करायचं बटण आईकडून सरावासाठी दाबून घ्या, नाहीतर उगाच रुग्णवाहिका दारात येईल. आणि गादीवर घड्याळ फेकून चाचणी करू नका. हातात नसेल तर बरीच घड्याळं पडण्याची दखलच घेत नाहीत.

घड्याळाच्या मॉडेलचं नाव तरीही विचाराल, माहीत आहे. ई-सिम हवं, आणि एका चार्जात निदान दोन दिवस टिकायला हवं. दोन्ही एकत्र मिळालं तर मलाही कळवा.