हरभऱ्याच्या मरीवर कंपोस्ट, आणि निवता न निवणारा ढीग

हरभऱ्यातली मर ओळखायला सोपी. रोप मान टाकतं; उपटून खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ दिसते. ही फ्युजेरियम बुरशी पीक नसतानाही वर्षानुवर्षं जमिनीत दबा धरून बसते, म्हणून तिला दाबणारे कामाचे जीव जमिनीत वाढावेत यासाठी कंपोस्टचा मार्ग धरला. काडीकचरा, शेण, हिरवा पाला जमवणं, थर लावणं पटापट उरकलं. ढीग 60 अंशांपर्यंत तापला.

अडलं ते पुढेच. ढीग निवेचना! वरून काळाभोर, भुसभुशीत. पण पलटी मारली की आत पुन्हा हात घालवत नाही. पेरणी तोंडावर आलेली, आणि जो तो सांगणार, "टाका की, कुजेल जमिनीत!" अहो, तेच तर नको होतं. अर्धकच्च्या काडीत सेल्युलोज, म्हणजे न कुजलेला तंतुमय भाग, शिल्लक असतं. मुळकूज करणारी रायझोक्टोनिया आणि मानकूज आणणारी स्क्लेरोशियम त्याच्यावरच पोसतात. म्हणजे शत्रूला घरी बोलावून जेवू घालायचं. शिवाय तापलेल्या गाभ्यात रोगाच्या बुरशीबरोबर कामाचे जिवाणू आणि बुरश्याही बऱ्याचशा मरतात. ढीग 40 अंशांखाली आला की कडेच्या थरांतून ते परत आत शिरतात, आणि रोग दाबतात ते हेच. त्यांना वेळ नको का द्यायला?

त्यात एक फसवा प्रकार. ढीग वाळूनही गार पडतो, आणि आपल्याला वाटतं झालं खत. पाणी शिंपडून बघावं. पुन्हा तापला तर कच्चाच. मूठभर खत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पाणी निथळू नये. थोडं ओलसर खत पिशवीत बांधून दोन-तीन दिवसांनी हुंगलं आणि अमोनियाचा भपका आला, तरी थांबायचं.

अखेर ढीग निवला तेव्हा हायसं वाटलं. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी कामाची बुरशी, तेव्हाच मिसळला. गरम ढिगात घातला असता तर मेलाच असता. हो, बीजप्रक्रियेचं राहिलंच: रासायनिक बुरशीनाशक वापरायचं असेल तर ते आधी, रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरून नत्र देणारे जिवाणू, सगळ्यात शेवटी. आणि रोगट झाडं ढिगात टाकलीच तर मधोमध, कडेला नाही. कडेला पुरेशी उष्णता पोचत नाही.

कंपोस्ट पडलेल्या तासांत मर कमी दिसली, पण गेली नाही. पुढच्या हंगामात त्या तुकड्यात हरभरा नाही, ज्वारी. वाणही मर प्रतिकारक घेणार, आणि ढीग पेरणीच्या बराच आधी लावणार. लोकांचे सल्ले ऐकण्यापेक्षा ते बरं.