माठाच्या जुडीत धोतरा

रुग्णालयातून फोन आला तेव्हा डॉक्टरांचं निदान जवळजवळ झालेलं होतं. एकाच घरातली तीन माणसं, तोंडाला कोरड, चेहरा लालबुंद, नाडी जलद, डोळ्यांच्या बाहुल्या ताणून मोठ्या झालेल्या. त्यातला एक जण हवेतलं न दिसणारं काहीतरी चिमटीत पकडू पाहत होता. जेवण होऊन जेमतेम तास झाला होता. अ‍ॅट्रोपिनच्या, म्हणजे धोतऱ्यासारख्या झाडांत सापडणाऱ्या गटातलं विष असणार हे डॉक्टरांना कळलंच होतं. मला ओळखून द्यायचं होतं ते झाड, आणि घरात उरलेल्या जुडीत ते अजून आहे का हे.

नमुने मागताना मी तीन गोष्टी मागतो: शिजलेली भाजी, न शिजवलेली पानं आणि निवडणाचा कचरा. तिसरी गोष्ट लोकांना विचित्र वाटते. पण भाजी निवडताना मुळं, खोडाचे तुकडे, बुडखे बाजूला पडतात आणि झाडाची खात्रीची ओळख नेमकी त्यांतच असते. खुडलेलं कोवळं पान म्हणजे अर्धीच साक्ष.

उरलेली पानं ओली करून पांढऱ्या कागदावर एकेक पसरली. बहुतेक रानमाठाची होती. धोतऱ्याचं पूर्ण वाढलेलं पान कुणीही ओळखेल: मोठं, नागमोडी कडांचं. अडचण कोवळ्या रोपाची आहे. पहिल्या चार-सहा पानांच्या कडा बऱ्याचदा सरळच असतात, आकार अंडाकृती आणि लांबी माठाच्या पानाएवढीच. अशा वेळी मी आधी पानाचं बूड पाहतो. माठाचं पान देठाकडे दोन्ही बाजूंनी सारखंच निमुळतं होतं. धोतऱ्याची एक बाजू देठावर किंचित खाली उतरते. फरक मिलिमीटरभराचा, त्यामुळे एका पानावरून ठरवू नये, चार-पाच पानं शेजारी ठेवून पाहावं. मग टोक: रानमाठाच्या टोकाला सहसा बारीक खाच असते, धोतऱ्याचं टोक निमुळतं.

सगळ्यात उपयोगी पडतं ते दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग. पान उजेडासमोर धरायचं. माठात हरितद्रव्य शिरांभोवतीच्या पेशींच्या कड्यात दाटलेलं असतं, म्हणून शिरांचं जाळं गडद हिरवं उमटतं. धोतऱ्यात तेच जाळं आसपासच्या भागापेक्षा फिकट दिसतं. ही खूण पान कोमेजलं तरी बरीच टिकते. वासाचं तसं नाही. धोतऱ्याचं पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो खरा, पण जुडी काही तास बांधलेली असली की तो माठाच्या पानांनाही लागतो आणि मग सगळीच संशयित ठरतात.

जुडीत धोतऱ्याची अकरा पानं निघाली. शिजलेल्या भाजीसाठी सूक्ष्मदर्शक लागला. शिजून लगदा झाला तरी पानाची साल तग धरते. क्लोरल हायड्रेट या रसायनात ठेवून ती पारदर्शक केली की धोतऱ्याची पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वासाची सूक्ष्म छिद्रं, दिसतात: भोवती तीन पेशी, त्यातली एक बाकीच्या दोघींपेक्षा लहान. शिवाय अनेक पेशींचे, भिंतीवर खडबडीत कण असलेले केस. माठाच्या रंध्रांभोवती पेशींची अशी ठरलेली मांडणी नसते. पण रंध्रांवरच विसंबून चालत नाही, कारण कामोणीसारख्या त्याच कुळातल्या झाडांतही तशीच रंध्रं असतात.

शिक्कामोर्तब केलं ते कचऱ्याने. माठाच्या खोडावर उभ्या खाचा होत्या, मुळाशी लालसर छटा. त्यात एक बुडखा वेगळा होता: गोल, जांभळट, पांढऱ्या मुळाचा, आणि त्याला सुकलेली दोन बीजपत्रं, म्हणजे बी रुजताना येणारी पहिली पानं, अजून चिकटलेली. धोतऱ्याची बीजपत्रं लांबट, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी असतात. माठाची त्यामानाने अगदी इवलीशी.

अहवालात मी एक ओळ ठळक केली: उरलेली भाजी पुन्हा उकळून खाण्याजोगी होत नाही. ही विषं स्वयंपाकाच्या उष्णतेने नाहीशी होत नाहीत. काही अंश पाण्यात उतरतो, पण किती उतरला हे घरात कळायला मार्ग नाही, शिवाय एका रोपात विष किती हे रोपागणिक बदलतं. ‘किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतं’ हा आधारही फोल. धोतऱ्याची पानं किडे खुशाल कुरतडतात आणि काही सशांच्या रक्तात तर अ‍ॅट्रोपिन मोडणारं विकरच (एन्झाइम) असतं.

टाकळा या रानभाजीच्या बाबतीतही पान मोडून हातात आलं की असाच घोळ होतो. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, सहसा तीन जोड्या, टोकं गोलसर. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी रानटाकळ्याला चार ते सहा जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि देठाच्या अगदी बुडाशी एक ग्रंथी. टाकळ्यात ग्रंथी खालच्या पर्णिकांच्या मधे असतात. म्हणजे पाहायचा तो देठ, आणि खुडताना नेमका तोच मागे राहतो.

रुग्ण दोन दिवसांत सावरले. बाहुल्या मात्र सगळ्यात शेवटी पूर्ववत झाल्या.

भाजी खुडली ती जागा नंतर पाहिली. माठाच्या दाटीत धोतऱ्याची रोपं झुबक्याने उगवलेली होती. एका बोंडात शेकडो बिया असतात, आणि बोंड तडकलं की त्या तिथेच सांडतात. त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून गेल्या पावसात स्वच्छ असलेली जागा यंदा तशीच असेल असं धरू नये. खुडताना मूठभर ओरबाडण्याऐवजी एकेक रोप बुडाशी धरून पाहिलं तर बीजपत्रं आणि खोड दोन्ही दिसतात. धोतऱ्याची रोपं उपटताना हातमोजे घालावेत आणि डोळ्याला हात लावू नये. रस लागलेल्या डोळ्याची तेवढी एकच बाहुली मोठी होते, आणि धोतऱ्याचं कुणी सांगितलं नाही तर डॉक्टर आधी मेंदूत काही झालंय का ते तपासायला घेतात.