करवंटीतली पिवळी

रात्रीचे साडेअकरा. माशांच्या टाकीवरचा मोठा दिवा कधीच मालवला, कोपऱ्यातला झिरोचा बल्ब तेवढा चालू आहे. बॅटरी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवून आलोय. हाताशी असली की मला राहवत नाही.

अंडी पडून आज आठवा दिवस. एरवी अपिस्टो या छोट्या माशाची मादी म्हणजे करडा, कुणी वळूनही बघू नये असा जीव. दिमाख सगळा नराचा. पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे, म्हणून तर जातीचं नाव काकाटुऑइडिस. पण अंडी घातली की घरातलं राज्य बदलतं. मादी हळदीसारखी पिवळीधमक होते, अंगावर काजळ ओढल्यासारख्या काळ्या खुणा उमटतात, आणि आकाराने दीडपट असलेल्या नवऱ्याला ती टाकीभर पळवते. तोही मुकाट पळतो.

पहिल्या वेळी टाकीत ठेवलेल्या करवंटीतली अंडी दुसऱ्याच दिवशी गायब झाली. मी सरळ नराला दोषी ठरवलं. पुढच्या वेळी अंडी पडताच त्याला दुसऱ्या टाकीत हलवलं. पिल्लं पोहायलाही लागली, आणि तिसऱ्या सकाळी एकही नाही. मग वही उघडली. पहिल्या वेळची नोंद माझ्याच अक्षरात: ‘बॅटरी मारून करवंटीत पाहिलं, छताला अंडी!’ उद्गारचिन्हासकट. बिथरलेली मादी स्वतःचीच अंडी खाते, हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या वेळची नोंद: ‘झोप आली, दिवा बंद केला.’ पिल्लं टाकीभर चरत होती, खटकन काळोख, आईला त्यांना गोळा करायला वेळच नाही. उरलेलं काम टाकीतल्या टेट्रा माशांनी केलं असणार. नराची माफी कशी मागतात कोण जाणे. या वेळी त्याला टाकीतच ठेवलाय आणि टेट्रांना हलवलंय.

पाण्याचं बरं चाललंय. आरओचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून मऊ केलंय, जंगली बदामाच्या वाळक्या पानांनी त्याला फिक्या चहाचा रंग आलाय. हीटर २६ वर. १९९६ साली र्‍योमर आणि बाइझेनहेर्त्स या दोन संशोधकांनी दाखवलं, की अपिस्टोंमध्ये पिल्लं नर होणार की मादी यावर तापमानाचा परिणाम होतो. पाणी जास्त गरम, तर नर जास्त. म्हणजे हीटरचं बटण फिरवताना मी नकळत कुणाचं तरी लिंग ठरवतोय. हा विचार आल्यापासून त्या बटणाला हात लावायचीच भीती वाटते.

आज सकाळी ती बाहेर आली आणि मागोमाग धुळीसारखा ढग. नीट पाहिलं तर डोळे. नुसते डोळे आणि शेपट्या, तळाच्या वाळूलगत. नर जवळून गेला तेव्हा तिने अंगाला एक झटका दिला आणि अख्खा ढग जागच्या जागी वाळूवर बसला. एक पिल्लू उशिरा बसलं. तिने ते तोंडात उचललं आणि बाकीच्यांत नेऊन थुंकलं. असा कान धरून बसवलेला मुलगा मी शाळेत होतो.

पिल्लांच्या खाऊसाठी आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांची अंडी उबवायची बाटली काल सकाळी लावली होती, आज संध्याकाळी पहिली नारिंगी पिलावळ निघाली. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन ड्रॉपरने अगदी ढगाजवळ सोडली. दहा मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी. ते बघताना माझं जेवण निवलं.

साडेनऊला दिवा निम्मा केला. दहाला आणखी मंद. तेवढ्या अर्ध्या तासात ती ढग हाकत हाकत करवंटीच्या तोंडाशी घेऊन गेली. शेवटची चार-पाच रेंगाळत होती, त्यांच्यासाठी दोनदा परत आली. सगळी आत गेल्यावरच मी बटण दाबलं.

किती आहेत ते मोजलेलं नाही. दुसरी बाटली लावून ठेवलीय.